मानसशास्त्र हे खरंच विज्ञान आहे का?

मुलगी बारावी सायन्सनंतर बी.ए.ला मानसशास्त्र घ्यायचं म्हणतेय आणि घरचे 'ते कुठलं आलंय विज्ञान' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मी सोलापुरातल्या एका कॉलेजात हाच विषय शिकवतो, त्यामुळे माझं मत थोडं झुकलेलं असणार, ते धरून चाला.

अख्ख्या विषयावर एकच शिक्का मारता येणार नाही. एखादा दावा चाचणीत खोटा पडू शकतो का, एवढं बघायचं.

१९३५ मध्ये स्ट्रूप नावाच्या संशोधकाने केलेला प्रयोग घ्या. हिरव्या शाईत 'लाल' लिहायचं आणि शाईचा रंग विचारायचा. माणूस अडखळतो, कारण वाचता येणाऱ्याला अक्षर दिसलं की ते वाचलंच जातं, थांबवता येत नाही. आमच्याकडे शहराच्या पूर्व भागातली बरीच मुलं येतात. घरी तेलुगू, शाळा मराठी. तेलुगू फाडफाड बोलतात, पण लिपी अनेकांना येत नाही. म्हणजे वरचं कारण बरोबर असेल, तर तेलुगू अक्षरांतल्या 'एरुपु'वर, म्हणजे लालवर, ती अडखळता कामा नयेत. 'लाल'वर मात्र अडखळली पाहिजेत. प्रॅक्टिकलला तसंच होतं. उलट झालं असतं तर ते स्पष्टीकरण मोडीत निघालं असतं.

मनोविश्लेषणाचा सिद्धांत मांडणाऱ्या फ्रॉइडचं तसं नाही. विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याचा आक्षेप हाच होता: मुलाला बुडवायला पाण्यात ढकलणारा आणि मुलाला वाचवायला उडी घेणारा, दोघांचंही वागणं फ्रॉइडच्या सिद्धांतात सारख्याच सहजतेने समजावता येतं. मग चूक पकडायची कशी? मला फ्रॉइड वाचायला आवडतो, पण विज्ञान म्हणून नाही.

घरच्यांच्या शंकेत तथ्यही आहे. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या एका पडताळणीत मानसशास्त्राचे छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत ठोस निष्कर्ष मिळाला. वापरून वापरून मनोनिग्रह संपतो, हा लाडका सिद्धांत २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तपासला. परिणाम जवळपास शून्य. पण ही झाडाझडती मानसशास्त्रज्ञांनी स्वतःच घेतली, हेही घरी सांगा. शिवाय हे दुखणं आमचं एकट्याचं नाही: कॅन्सर संशोधनातले ५३ गाजलेले अभ्यास एका औषध कंपनीने पडताळले, तर २०१२ मध्ये जाहीर झालेल्या हिशोबात ६ टिकले होते.

बोटांचे ठसे घेऊन मुलांचा कल सांगणारे हल्ली गल्लोगल्ली बसलेत. त्याला शास्त्रीय आधार नाही. त्यात पैसे घालू नका.

आणि प्रवेशाआधी कॉलेजची मानसशास्त्राची प्रयोगशाळा बघून या. संख्याशास्त्र कोण शिकवतं तेही विचारा. प्रयोगशाळेतल्या कपाटाची किल्ली शिपायाला शोधावी लागली, तर दुसरं कॉलेज बघा.