गोव्याच्या आग्वाद किल्ल्यातलं दीपगृह रात्री काळोखात का असतं? हल्ली दीपगृहं माणसाशिवाय चालतात म्हणजे नेमकं काय?

तुम्ही पाहिलंत ते बंदच आहे, १९७६ पासून. किल्ल्यातला तो गोल, पांढरा, बुटका मनोरा पोर्तुगिजांनी १८६४ साली बांधला. जहाजांना वाट दाखवणारं दीपगृह जवळच आहे, साधं काँक्रीटचं. सगळे पर्यटक फोटो काढतात ते निवृत्त झालेल्या म्हाताऱ्याचे!

माझे काका खनिज वाहणाऱ्या बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर होते. लहानपणी त्यांनी मला बेतीच्या धक्क्यावर बसवून एक खेळ शिकवला होता: झोत दिसला की 'एक' म्हणायचं आणि पुढचा दिसेपर्यंत मोजत राहायचं. खलाशी हेच करतो. किनाऱ्यावरच्या प्रत्येक दिव्याच्या दोन झोतांमधला वेळ वेगळा असतो, तो नकाशावर छापलेला असतो. सेकंद मोजले की आपण कुठल्या दिव्यासमोर आहोत ते कळतं.

पूर्वीच्या दीपगृहांत तेलाचा दिवा असायचा आणि त्याभोवती भिंग फिरायचं. ते फिरवायला भिंतीवरच्या जुन्या घड्याळासारखी चावीची यंत्रणा, तिला लोंबकळतं वजन. वजन खाली आलं की रखवालदाराने पुन्हा वर ओढायचं, रात्रभर. शिवाय वात कापणं, काचेवरची काजळी पुसणं. पावसाळ्यात खाऱ्या वाऱ्यात ती काच किती वेळा पुसावी लागत असेल, कल्पना करा.

आता अंधार पडला की प्रकाश ओळखणारा सेन्सर दिवा लावतो, उजाडलं की विझवतो. एक दिवा गेला तर दुसरा लागतो, वीज गेली तर बॅटरी आहेच. तरी तपासणीला माणूस लागतोच.

पण दिवा कितीही शहाणा असला तरी मांडवी नदीच्या मुखावरचा वाळूचा दांडा, म्हणजे पाण्याखालचा वाळूचा उंचवटा, हलवू शकत नाही. म्हणून पावसाळ्यात काकांची बार्ज आग्वादकडून जायचीच नाही. कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत उतरून मुरगाव बंदराला.

जाता जाता, जुन्या दीपगृहावर एक अजस्र घंटाही होती, जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठातली. १८७१ मध्ये ती पणजीच्या चर्चमध्ये नेली. चर्चच्या पायऱ्यांकडे गेलात तर वर मान करा, मधोमध टांगलेली दिसेल.