दर्याकाठचे प्रश्न : जपानात भरती येते की नाही?

मागच्या अंकात जपानमधल्या इने नावाच्या मच्छीमार गावाचा फोटो छापला होता, घराच्या खाली होडी आणि होडीखाली सरळ समुद्र. त्यावर एवढी पत्रं आलीत की या वेळचा अख्खा कॉलम जपानच्या नावाने. निवडक घेतोय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : काका, त्या फोटोतली घरं बघून आमच्या घरात भांडण लागलं. आमच्या दाभोळात पाण्याला चिकटून असं घर बांधलं तर पहिल्याच उधाणाला भांडीकुंडी खाडीत जातील. तिकडे भरती येत नाही का? की फोटो ओहोटीचा आहे? – दाभोळ

फोटो ओहोटीचा नाही आणि भरती येते, पण नावापुरती. क्योतो म्हटलं की आपल्याला देवळं आठवतात, ते शहर तिथून बरंच दक्षिणेला, इने त्याच प्रांताच्या उत्तर टोकाकडे, जपानच्या समुद्राच्या काठी. तिथे वर्षातला सगळ्यात मोठा चढउतार धरला तरी अर्धा मीटर, म्हणजे गुडघाभर. तुमच्याकडे दाभोळ-रत्नागिरीला उधाणाला दोन-अडीच मीटर पाणी चढतं, मुंबईत पाच मीटरच्या आसपास जातं आणि भावनगरला तर दहाच्या वर.

आता चंद्र तर सगळ्यांना तोच, मग असं का? तर मोठी भरती तयार व्हायला मोठा महासागर लागतो. पॅसिफिकमध्ये ती तयार होते आणि मग बाजूच्या समुद्रांत घुसते. जपानच्या समुद्रात घुसायच्या वाटा कुठल्या, तर त्सुशिमा, त्सुगारू, सोया आणि वर सखालिनकडची एक, सगळ्या अरुंद आणि उथळ. भलामोठा रांजण आणि तोंड चिमणीएवढं असं आहे ते. बाहेर भरती लागते, पाणी आत शिरायला लागतं, जरा कुठे चढतंय तोवर बाहेर ओहोटी सुरू. आपल्याकडे बरोबर उलटं, मुंबईसमोर समुद्राचा तळ जवळजवळ तीनशे किलोमीटर उथळच आहे, त्या उथळावरून येताना भरतीची लाट उंच होत जाते आणि पुढे खंभातच्या आखातात तर नरसाळ्यात कोंडल्यासारखी चढते. दक्षिणेला तो उथळ पट्टा अरुंद होत जातो म्हणून मालवणची भरती मुंबईपेक्षा लहान.

पण नुसती भरती कमी म्हणून भागत नाही, लाटांचं काय? हिवाळ्यात जपानच्या समुद्रावर वायव्येचा वारा असा सुटतो की होड्या बाहेर काढायची सोय नाही. इनेचा उपसागर मात्र दक्षिणेकडे उघडा, तीन बाजूंनी डोंगर, आणि तोंडावर आओशिमा नावाचं बेट आडवं. म्हणून आत पाणी शांत. त्या पाच किलोमीटरच्या वाकड्यातिकड्या काठावर अशी २३० च्या आसपास होडीघरं आहेत, त्यांना फुनाया म्हणतात. एक गैरसमज काढून टाका, कुटुंब तिथे खाली राहत नाही, राहतं घर बहुतेक रस्त्याच्या पलीकडे डोंगराच्या बाजूला असतं. फुनायाच्या खालच्या मजल्याची जमीन पाण्याकडे उतरती केलेली, होडी ओढून आत घ्यायची, आणि वरचा माळा जाळी सुकवायला, सामान ठेवायला. हल्लीच्या फायबरच्या मोठ्या बोटी आत मावतच नाहीत, त्या बाहेर बांधतात आणि आत वर्कशॉप, फ्रीजर, कुणी वर पाहुण्यांच्या खोल्या काढल्यात. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो, दारासमोर पाण्यात एक पिंजरा सोडलेला असतो, त्यात माशांची मुंडकी टाकायची, खायला आलेली मासळी अडकते, स्वयंपाकाच्या वेळी पिंजरा वर ओढायचा. बाजारात जायचं कामच नाही.

दाभोळात हे करू नका. भरतीचं एक वेळ सांभाळाल, खांब उंच कराल, पण आपला पावसाळा? जूनच्या आधी होड्या वर ओढून शाकारून ठेवाव्या लागतात त्या उगीच का.

प्रश्न : आमचे आजोबा तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे गणित जपानात चालेल का? मुलगा योकोहामाला आहे, त्याला व्हॉट्सॲपवर पाठवायचंय. – रेवदंडा

ताई, आजोबांचं गणित तुमच्या रेवदंड्याला तासाभराच्या फरकाने बरोबर बसतं, आणखी खाली दक्षिणेला गेलात की भरती जरा आधी लागते. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या सुमारास पूर्ण भरती आणि पहाटे नि संध्याकाळी ओहोटी. आता गंमत बघा, टोकियोच्या उपसागरात त्याच पौर्णिमेला तिथल्या दुपारी पूर्ण ओहोटी असते! म्हणजे मुलाने आजोबांच्या हिशोबाने जाऊन बघितलं तर नेमकं उलटं. दर दिवशी साधारण पन्नास मिनिटं उशीर हे दोन्हीकडे सेम, पण सुरुवात कुठून करायची तो आकडा प्रत्येक बंदराचा वेगळा, कारण भरतीची लाट किनाऱ्याकिनाऱ्याने फिरत फिरत येते, चंद्र डोक्यावर आला की लगेच पाणी चढलं असं नसतं.

या दुपारच्या ओहोटीचा तिकडे लोकांना फार फायदा. मार्च ते मे मध्ये त्यांच्याकडे दिवसाची ओहोटी रात्रीच्यापेक्षा जास्त खोल जाते, हवा पण बरी, मग सुट्टीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन अख्खी कुटुंबं छोटे पंजे आणि बादल्या घेऊन वाळू उकरायला जातात, असारी नावाच्या शिंपल्या मिळतात, आपल्या तिसऱ्यांसारख्याच. आपल्या बायका उधाणाच्या दिवसात भल्या पहाटे गुडघाभर चिखलात वाकतात आणि यांची चक्क पिकनिक! आणि जपानने १८७३ पासून चांद्र कॅलेंडर सोडलं तरी गळ-दोऱ्या विकणाऱ्या दुकानात जी भरतीची कोष्टकं मिळतात त्यात आजही उधाणाचे (मोठ्या भरतीचे) दिवस, भांगाचे (लहान भरतीचे) दिवस असं लिहिलेलंच असतं. मुलाला ते घ्यायला सांगा.

प्रश्न : जपानमध्ये निवट्या मिळतात का? खातात का? – उरण

निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारणारा मासा, तो तिकडेही मिळतो आणि आवडीने खातात. पण इनेला नाही, क्युशू बेटावर आरिआके नावाचा समुद्र आहे तिकडे. तिथे चढउतार जवळजवळ सहा मीटर, जपानमधला सगळ्यात मोठा, ओहोटीला काही ठिकाणी चिखल पाच-सहा किलोमीटर उघडा पडतो. त्या चिखलात मुत्सुगोरो, तुमच्या निवटीचा सख्खा चुलत भाऊ, अंगावर निळे ठिपके. पकडायची पद्धत बघण्यासारखी, माणूस एका लांब फळीवर एक गुडघा टेकवतो आणि दुसऱ्या पायाने चिखल मागे ढकलत सुर्रकन जातो, मग लांब काठीची दोरी फेकून बिनआमिषाच्या गळाने मासा वरच्या वर ओढतो. आमिषाचा उपयोगच नाही कारण तो चिखलावरचं शेवाळ खातो. मग सोया सॉस आणि साखरेच्या गोड रसात भाजतात. मला विचाराल तर आपलं आंबट-तिखट कालवणच बरं, पण ते असो.

त्याच आरिआकेत खांब रोवून जाळ्यांवर नोरी वाढवतात, सुशीला गुंडाळलेला तो काळा कागद असतो ना, तो. ओहोटीला जाळी उघडी पडून ऊन-वारा खाते, भरतीला परत पाण्यात. या रोजच्या सुकण्याने रोग कमी पडतो, म्हणजे एवढी मोठी ओहोटी तिथे शेतीचं अवजारच झाली.

प्रश्न : आमच्याकडे कितीही वर्षं झाली तरी मासळी छोट्या होडीतून आणि बैलगाडीतून किनाऱ्यावर आणायची. जपानची बंदरं म्हणजे काँक्रीटचा धक्का, बोट लावली की मासळी थेट मार्केटात. धक्का नेमका किती उंच बांधतात? – हर्णै

चांगला प्रश्न, कारण धक्क्याची उंची हीच खरी डोकेदुखी. उधाणाच्या भरतीला पाणी वर येऊ नये एवढा उंच पाहिजे आणि ओहोटीला बोटीतून टोपली हाताने वर देता येईल एवढा खाली पाहिजे. इनेसारख्या ठिकाणी गुडघाभर फरकात हे सहज जमतं. तुमच्याकडे दोन-अडीच मीटरच्या फरकात एकच उंची दोन्ही वेळेला सोयीची होऊच शकत नाही, मग पायऱ्या तरी हव्यात किंवा पाण्याबरोबर वर-खाली होणारी तरंगती जेट्टी. आरिआकेसारख्या ठिकाणी तरंगतीच लागते.

आणि जपानमध्ये नुसतं पाणी वर-खाली होत नाही, जमीनसुद्धा होते! ११ मार्च २०११ च्या भूकंपात इशिनोमाकीजवळचं ओशिका द्वीपकल्प एक मीटरपेक्षा जास्त खाली बसलं. त्सुनामी ओसरली, पण नंतर रोजच्या साध्या भरतीला पाणी रस्त्यावर येऊ लागलं, पाऊस नाही, वारा नाही, नुसती भरती. मग पैसा ओतून धक्के उंच केले, आणि ते होतायत तोवर जमीन हळूहळू परत वर यायला लागली, काही बंदरांत नवा धक्का इतका उंच झाला की ओहोटीला मासळी चढवणं अवघड, शेवटी पुन्हा उतरवायची वेळ आली. कंत्राटदाराला शिव्या द्याव्यात तर त्याची पण चूक नाही.

जपानच्या समुद्राच्या काठावरच्या नोतो द्वीपकल्पात उलट झालं. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात काही ठिकाणी किनारा चार मीटरपर्यंत वर उचलला गेला. वाजिमा बंदरात तळच वर आला, बोटी जागच्या जागी रुतल्या. आपल्याकडे बोट चिखलात बसली तर माणूस विडी ओढत भरतीची वाट बघतो. तिथे कसली वाट बघणार, तो जपानच्या समुद्राचाच काठ, भरती टीचभर, ती काही मीटर-दीड मीटर भरून काढणार नाही. गाळ उपसून बोटींना वाट करून द्यावी लागली.

जाता जाता, हे मुलांना जरूर सांगा. ओहोटीला पाणी उतरायला सहा तास लागतात. ते पाच-दहा मिनिटांत लांब गेलं आणि मासे तडफडताना दिसले तर वेचायला धावायचं नाही, टेकडीकडे पळायचं. आणि त्सुनामीच्या आधी पाणी दर वेळी मागे जातंच असंही नाही, जमीन जोरात हलली की तेवढं पुरे.

प्रश्न : भांगाच्या दिवसात आमच्या डोलीला काही लागत नाही. जपानी लोकांना पण हा त्रास आहे का? – करंजा

ते जाळ्यावर अवलंबून आहे. डोल म्हणजे खुंटाला बांधलेली पिशवी, मासळी तिच्यात पाण्याच्या ओढीने येते, भांगात ओढ मेली की डोल रिकामी. म्हणूनच डोल रायगड-पालघरकडे जास्त, जिथे भरती मोठी, आणि सिंधुदुर्गात रापण, किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. इनेचे लोकसुद्धा जाळं एका जागी कायमचं लावून ठेवतात, पण ते भरतीच्या भरवशावर नाही. त्सुशिमाचा गरम प्रवाह किनाऱ्याने जातो, त्याच्याबरोबर मासे येतात, काठापासून आत समुद्रात जाळ्याची लांब भिंत उभी असते, मासा भिंतीला आपटला की खोल पाण्याकडे वळतो आणि तिथेच कोंडीत शिरतो. पहाटे दोन-तीन बोटी जाऊन जाळं गोळा करत आणतात. हिवाळ्यात त्यात बुरी लागतो, भलामोठा चरबीदार मासा, त्यांच्या सणासुदीचा. तिथी बघत नाहीत, वारा बघतात. तुमची डोल तिकडे नेऊन लावलीत तर अमावस्येलासुद्धा लोंबकळत राहील.