अंगावर पुरळ उठतंय, कारण कळत नाही. घरच्या घरी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की महिनाभर मानेवर आणि कानांमागे खाजरं पुरळ येतंय-जातंय, नवीन काहीच वापरलेलं नाही, घरचे म्हणतात टेन्शनमुळे, तर आता काय लावू?

'टेन्शनमुळे' वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

काय लावू, तर काही लावू नका. फार कोरडं पडलं तर साधं व्हॅसलीन. आंघोळ कोमट पाण्याने, नखं बारीक. आणि रोज त्याच जागेचा, त्याच उजेडात एक फोटो काढा. हे शेवटचं अजिबात विसरू नका, माझं घोडं त्यावरच गंगेत न्हालं.

माझ्या पापण्यांवर यायचं. चार महिने. सकाळी उजवा डोळा अर्धाच उघडायचा, पापणी चुरगळून पुन्हा सरळ केलेल्या कागदासारखी, तोंडावर पाणी मारलं तरी चरचरायची. कारण सापडत नसलं की घरातला प्रत्येक जण आपापलं कारण पुढे करतो. सासूबाईंच्या मते पोट साफ नाही. नवऱ्याच्या मते मोबाइल. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "तू ना, प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेतेस. ते असं बाहेर पडतं." मूर्खपणा म्हणजे मला ते पटलं. दोन महिने मी मनाला काही लावून न घेण्याचा प्रयत्न केला. डोळा सुजायचा तो सुजतच राहिला.

मग जाऊबाईंनीच त्यांच्याकडची ट्यूब दिली. बुरशी, जंतू, खाज, सगळ्यावर एकच, ती जात. दोन दिवसांत पापणी गुळगुळीत! बंद केली की चौथ्या दिवशी दुप्पट. अशा ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, ते सूज दाबतं, कारण तिथंच राहतं. पापणीची कातडी मुळात पातळ, तिथं असं महिनोन्महिने चोळत राहिलं तर डोळ्यातला दाबही वाढू शकतो. आणि गजकर्णावर लावलं तर खाज थांबते, कडेची गोल रेघ पुसट होते, बुरशी मात्र खुशाल पसरते. मग डॉक्टरलाही ओळखता येत नाही.

शेवटी त्वचारोगाच्या डॉक्टरकडे गेले. बाईंनी डोळ्याकडे नीट पाहिलंही नाही. म्हणाल्या, "हात दाखवा." नखं चकचकीत मरून. माझ्या पुतणीने, म्हणजे जाऊबाईंच्याच लेकीने, घरी जेल नेलपॉलिश लावायचा संच आणला होता, छोट्या दिव्यासकट, आणि दर दुसऱ्या रविवारी माझ्या नखांवर सराव चालायचा. मी म्हटलं, अहो, पण बोटांना तर काहीच नाही! त्यावर त्यांनी सांगितलं की बोटांची कातडी जाड, पापणीची पातळ, आणि आपण दिवसभरात किती वेळा डोळ्यांना हात लावतो याचा आपल्याला पत्ता नसतो. दिव्याखाली जेल पुरतं सुकलं नाही तर त्यातलं अॅक्रिलेट नावाचं रसायन मोकळं राहतं, ते कातडीला बाधतं. आणि ही अॅलर्जी लगेच उठत नाही, एक ते तीन दिवसांनी उठते.

मी तिथंच फोनमधले फोटो उघडले. रविवारी नखं, मंगळवारी रात्री खाज, बुधवारी डोळा बंद. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्याही. चार महिने हे सगळं तारखेसकट माझ्या पर्समध्ये होतं! मग पॅच टेस्ट झाली. ज्यांच्यावर संशय आहे ते पदार्थ थोडे थोडे लावलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. अॅक्रिलेटच्या जागी लाल, उंच, खाजरा चौकोन. हे आता जन्माचं आहे. दातात सिमेंट भरायचं असलं तरी आधी सांगावं लागतं, कारण त्यातही त्याच कुळातली रसायनं असतात.

पुतणीने बिचारीने स्वतःहून संच गुंडाळला. जाऊबाईंचं म्हणणं अजून हेच, की तिच्या वस्तूंनी दुसऱ्या कुणाला काही होत नाही. बरोबर आहे, होत नाही. अॅलर्जी म्हणजे तेच ना! बरं, टेन्शनने खाज वाढते हे मलाही मान्य आहे. पण वाढवणं वेगळं आणि सुरू करणं वेगळं, आणि डोळा सुजलेल्या माणसाला स्वभाव सुधारायला सांगणं त्याहून वेगळं.

तुमचं 'नवीन काही वापरलं नाही' हेही चकवतं. दहा वर्षं सोसलेली वस्तू अकराव्या वर्षी बाधू शकते. मान आणि कानांमागे म्हटल्यावर आधी शाम्पू, अत्तर, कानातल्यातलं निकेल, चष्म्याच्या काड्या. एकेक बंद करत बसू नका. सगळं एकदम बंद करा, दोन-तीन आठवडे थांबा, मग एकेक परत आणा. खाज रात्री जास्त असेल, बोटांच्या बेचक्यांत असेल आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल तर हे सगळं सोडा, ती खरूज असू शकते, आणि तिचं औषध घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी लावावं लागतं.

मी डॉक्टर नाही, हे खरं तर वरच लिहायला हवं होतं. ताप, ओठ किंवा जीभ सुजणं, श्वास लागणं, तोंडात फोड, कातडी सोलवटणं, किंवा काचेचा पेला दाबून धरला तरी न जाणारे जांभळे ठिपके, यातलं काहीही दिसलं तर हे उत्तर अर्ध्यावर टाकून थेट दवाखाना गाठा. गेल्या काही आठवड्यांत नवी गोळी सुरू झाली असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा.

आणि केसांना रंग लावता की नाही, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. लावत असाल तर मागच्या खेपेची तारीख आठवा. पाकिटावर '४८ तास आधी थोडासा लावून बघा' असं छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. मीही नव्हतं वाचलं.