फक्त टेक्निकल स्टँडर्ड बदलून पर्यावरणाचा खरंच काही फायदा होतो का?

हो, होतो, कधीकधी तर सगळं एका आकड्यावर अडलेलं असतं. दुकानातल्या काचेच्या मोठ्या फ्रीजचंच बघा, त्यात थंडावा आणणारा गॅस म्हणून प्रोपेन छान चालतो पण तो पेट घेतो म्हणून आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये एका सर्किटला (गॅस फिरतो त्या नळ्यांच्या बंद साखळीला) 150 ग्रॅमचीच लिमिट होती, तेवढा पुरायचा नाही, मग आर-404ए सारखा गॅस भरायचे जो हवेत सुटला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा पृथ्वीला जवळपास 3,900 पट जास्त तापवतो. 2019 मध्ये आयईसीने, म्हणजे विजेच्या उपकरणांची आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने, ती लिमिट साधारण 500 ग्रॅमपर्यंत नेली आणि वाट मोकळी झाली. किगाली या आंतरराष्ट्रीय करारामुळे देशांना एचएफसी, म्हणजे आर-404ए सारखे गॅस, कमी करावेच लागतायत, तो रेटा वेगळाच. फक्त आयईसीचं स्टँडर्ड म्हणजे कायदा नाही, प्रत्येक देशाला ते आपल्या नियमांत घ्यावं लागतं, तोवर तिथे जुनीच लिमिट चालते.