करार संपला, भाडेकरू तिथेच

प्रश्न : फ्लॅट राहण्यासाठी अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दिला होता. करार नोंदणीकृत आहे. मुदत संपली, तरी भाडेकरू म्हणतात, "मुलाची परीक्षा होऊ द्या." भाडे मात्र दर महिन्याला परस्पर खात्यात जमा करतात. काय करावे?

उत्तर : करार नोंदवलेला आहे, त्यामुळे तुमची बाजू भक्कम आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी परवान्याने (म्हणजे लिव्ह अँड लायसन्स कराराने) दिलेली जागा मुदत संपताच परत करावी लागते. तसे झाले नाही, तर नेहमीच्या दिवाणी दाव्याच्या वाटेला न जाता याच कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करता येतो.

आधी खात्यात येणाऱ्या पैशांचे बघा. ते परत पाठवलेच पाहिजेत असे नाही, पण गप्प बसून घेत राहिलात तर "मालकांनीच मुदत वाढवून दिली" हा बचाव तुम्ही समोरच्याच्या हातात देता. रक्कम जमा झाली की त्याच दिवशी लेखी कळवा : "करार अमुक तारखेला संपला आहे. ही रक्कम भाडे म्हणून नव्हे, तर मुदतीनंतरच्या वापराच्या नुकसानभरपाईपोटी, आमचे सर्व हक्क राखून स्वीकारली आहे." भाडेपावती देऊ नका. "बरं, राहा अजून दोन महिने" असा व्हॉट्सअॅपवरचा भिडस्त निरोप तर मुळीच नको. परीक्षेसाठी खरोखर वेळ द्यायचा असेल तर दोन महिन्यांचा नवा करार करा आणि तोही नोंदवा. खर्च थोडा होईल, पण पुढचा वाद टळेल.

अर्जाआधी नोटीस द्यावी अशी कलम २४ ची अट नाही. तरी द्यावी. मुदत कधी संपली, ताबा कधी हवा आणि भरपाई कोणत्या दराने मागणार, एवढे त्यात पुरे. ती स्पीड पोस्टाने पोचपावतीसह फ्लॅटच्या पत्त्यावर पाठवा आणि करारात लिहिलेल्या कायमच्या पत्त्यावरही.

अर्जासोबत नोंदणीकृत कराराची प्रत, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा दस्ताच्या नोंदीचा उतारा), मालकीचा पुरावा (खरेदीखत किंवा सोसायटीचे भागप्रमाणपत्र), नोटीस आणि तिची पोच, मुदतीनंतर जमा झालेल्या रकमांचा बँक उतारा हे सगळे लावा. फ्लॅट पती-पत्नीच्या नावावर आणि करारावर सही एकाचीच, अशी प्रकरणे बरीच असतात. तसे असेल तर खुलासा अर्जातच करून टाका.

समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत भाडेकरूने शपथपत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागायची असते. नुसते हजर राहून "माझे ऐका" म्हणणे पुरत नाही. परवानगी मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर तुमच्या अर्जातले म्हणणे त्याला मान्य आहे असे धरून ताब्याचा आदेश होतो. शिवाय लेखी करारात जे लिहिले आहे त्याचा तो करारच निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणून "तोंडी तीन वर्षे ठरली होती" हे सांगणे टिकत नाही. उशीर होतो तो बहुधा या पायरीच्या आधी, समन्स बजावण्यात. दार बंद, पत्ता अपुरा, लिफाफा परत. करार करतानाच आधारवरचा आणि नोकरीच्या ठिकाणचा पत्ता घेऊन ठेवला असेल तर तो इथे उपयोगी पडतो.

भरपाई करारातल्या परवाना शुल्काच्या (ठरलेल्या मासिक रकमेच्या) दुप्पट दराने, ताबा मिळेपर्यंत. शुल्क महिना १८,००० असेल तर ३६,०००. दरम्यान जमा झालेले त्यातून वजा. ६०,००० ची अनामत या दराने दोन महिनेही पुरत नाही. "डिपॉझिटमधून वळते करून घ्या" म्हणणाऱ्याला हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. पुष्कळदा जागा तेवढ्यावरच रिकामी होते.

प्रश्न : आमचा करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला आहे. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहितीही दिली होती. हे चालेल ना?

उत्तर : नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, आणि पोलिसांना दिलेली माहिती ही तिसरीच गोष्ट. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणजे "मी परवानाधारक (केवळ मुदतीपुरती वापराची परवानगी असलेला) नाही, कायद्याने भाडेकरूच आहे" असे त्याने म्हटले की ते खोडून काढण्याचा भार तुमच्यावर. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

सही होऊन चार महिने झाले नसतील तर अजूनही नोंदणी करता येते. त्यानंतरच्या चार महिन्यांत दंड भरून. पण त्यासाठी दोन्ही पक्ष लागतात आणि अडून बसलेला माणूस दुय्यम निबंधकाकडे कशाला येईल? ते जमले नाही तर वकिलाकडून कागदपत्रे तपासून घ्या. बहुधा न्यायालयात दावा लावावा लागेल आणि त्याला वेळ लागेल.

प्रश्न : ते गावाला गेले की कुलूप बदलावे का? निदान पाणी तरी तोडता येईल?

उत्तर : दोन्ही नको. पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा तोडणे कलम २९ खाली गुन्हा आहे. कुलूप बदललेत तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून भाडेकरू ताबा परत मिळवू शकतो आणि त्या दाव्यात मालक कोण हे पाहिलेच जात नाही. जिंकत आलेले प्रकरण असे हातचे घालवू नये.

प्रश्न : दुकानाचा गाळा आहे. कलम २४ लागू होईल का?

उत्तर : नाही, ते फक्त राहत्या जागेसाठी. गाळा परवान्याने दिला असेल तर मुंबईत लघुवाद न्यायालयात दावा करायचा. ३० दिवसांत परवानगी मागण्याचा नियम तिथे नाही. गाळा भाडेपट्ट्याने दिला असेल तर गोष्ट आणखी वेगळी. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या जागेत केवळ मुदत संपली म्हणून भाडेकरू निघत नाही. कलम १६ मधले ताबा मागण्याचे एखादे कारण किंवा भाड्याची थकबाकी दाखवावी लागते. थकबाकीसाठी लेखी मागणीची नोटीस देऊन ९० दिवस थांबायचे. दाव्याचे समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत त्याने सगळी बाकी १५ टक्के सरळ व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह भरली, तर त्या कारणावर ताबा मिळत नाही. भाडेकरू बँक, सार्वजनिक उपक्रम किंवा एक कोटी व त्याहून अधिक भरणा झालेल्या भांडवलाची कंपनी असेल तर मात्र हा कायदा लागूच होत नाही. गाळा देताना हे बघणारे मालक थोडेच.

प्रश्न : सक्षम प्राधिकाऱ्याचा आदेश झाला. तरी हलत नाहीत.

उत्तर : आदेशावर अपील नाही, ९० दिवसांच्या आत पुनरीक्षण अर्ज (आदेश कायद्याला धरून आहे का, हे वरिष्ठांकडून तपासून घेण्याचा अर्ज) मात्र करता येतो. तो दाखल झाला का आणि स्थगिती मिळाली का, याची चौकशी करा. आदेश अंतिम झाल्यावर ३० दिवसांत पाळला नाही, तर प्राधिकारी आवश्यक तेवढे बळ वापरून ताबा घेऊ शकतो. त्यासाठी त्यांच्याकडेच अर्ज करा. ताब्याच्या दिवशी पंचनाम्यात वीजमीटरचे आकडे लिहून घ्या, राहिलेल्या सामानाची यादी करून पंचांच्या सह्या घ्या आणि प्रत्येक खोलीचे फोटो काढा. सामान मात्र परस्पर विकू किंवा फेकू नका.