वाचकांचे प्रश्न : नाव नसलेल्या घोड्यांवरचा जीव

मागील अंकात मंगोलियातील फिरस्त्या पशुपालक कुटुंबांवरचा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर मुंबईतील वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या दोहोंना सविस्तर उत्तर देणे भाग होते, त्यामुळे उरलेले दोन थोडक्यात आवरले आहेत.

प्रश्न : मंगोल पशुपालक आपल्या घोड्यांना नावे देत नाहीत आणि हिवाळ्यापूर्वी आपल्याच कळपातील जनावरे कापून त्यांचे मांस साठवतात, असे लेखात म्हटले आहे. आमच्या गावी पोळ्याला बैलांची पूजा होते आणि प्रत्येक बैलाला नाव असते. मग मंगोलांच्या या नात्याला जिव्हाळा कसे म्हणायचे? हा निव्वळ व्यवहार नव्हे काय? (एक वाचक, दादर)

उत्तर : आपण मांडलेली दोन्ही निरीक्षणे खरी आहेत, परंतु त्यांतून काढलेला निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. मंगोल भाषेत पशुधनाला ‘माल’ म्हणतात आणि घोडा, गाय किंवा याक, उंट, मेंढी व शेळी या पाच प्रकारांना मिळून ‘पाच मुस्कटांचा माल’ असे म्हटले जाते. शब्द आपल्या ओळखीचा वाटतो म्हणून लगेच बाजार डोळ्यांसमोर आणू नये. या पाचांपैकी घोडा आणि मेंढी ‘उष्ण मुस्कटाची’, तर गाय, उंट आणि शेळी ‘थंड मुस्कटाची’ मानली जातात. जनावराचा श्वास गालाला लागेल इतक्या जवळ राहणाऱ्या माणसांनाच अशी वर्गवारी सुचू शकते.

आता नावांविषयी. घोड्याला विशेषनाम नसते, पण म्हणून तो बेनाम असतो असे नाही. त्याला त्याच्या रंगावरून ओळखले जाते आणि घोड्यांच्या रंगछटांसाठी मंगोल भाषेत शेकडो शब्द व शब्दजोड्या आहेत. अंगाचा रंग, आयाळीचा व शेपटीचा रंग, कपाळावरचा ठिपका, पायांवरचे पट्टे हे सारे एकदोन शब्दांत सांगून पशुपालक शंभर घोड्यांतून एक घोडा नेमका दाखवून देतो. सायंकाळी दादरच्या फलाटावर उसळलेल्या गर्दीत आपण आपला माणूस चेहरा दिसण्याआधी चालीवरूनच ओळखतो, त्याच जातीची ही ओळख आहे. (मराठीत ‘नावे ठेवणे’ याचा जो दुसरा अर्थ होतो तो ध्यानात घेतला, तर नाव न ठेवण्यातही आदर असू शकतो, असे म्हणण्याचा मोह होतो; पण तो विनोद झाला.)

मांसाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. जेथे हिवाळ्यात पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरतो आणि शेतीला पोषक हंगाम जेमतेम तीनेक महिन्यांचा असतो, तेथे माणूस धान्यावर जगू शकत नाही. गवत माणसाला पचत नाही. ते पचवून त्याचे दूध, मांस, लोकर आणि शेण करणारी जनावरे हीच तेथील जगण्याची एकमेव वाट आहे. ज्या तंबूत कुटुंब राहते त्या गेरच्या भिंतींवर मेंढीच्या लोकरीचा नमदा असतो, चुलीत वाळलेले शेण जळते आणि पेल्यातील खारट चहात दूध असते. मेंढी मारताना पारंपरिक पद्धतीत छातीखाली लहानसा छेद देऊन आत हात घातला जातो आणि मुख्य रक्तवाहिनी तोडली जाते. रक्ताचा थेंबही जमिनीवर सांडू द्यायचा नाही, हा त्यामागचा दंडक आहे. याच कळपात एखादा घोडा किंवा मेंढा असाही असतो, ज्याच्या आयाळीत वा मानेत रंगीत फिती बांधून त्याला देवाला वाहिलेले असते. त्याला ‘सेतेर’ बांधला असे म्हणतात. असे जनावर विकायचे नाही, कापायचे नाही, ते आयुष्यभर कळपात मोकळे फिरते. देवाला सोडलेला वळू पाहिलेल्या मराठी वाचकाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. आवडत्या घोड्याच्या मृत्यूनंतर त्याची कवटी उंच जागी, अनेकदा ओवो नावाच्या दगडांच्या पवित्र राशीवर, नेऊन ठेवण्याचीही रीत आहे. निव्वळ व्यवहार करणारा माणूस कवटी घेऊन टेकडी चढत नाही.

प्रश्न : माझे बालपण गोरेगावच्या एका तबेल्यालगत गेले. पारडू दगावलेली म्हैस पान्हा चोरू लागली की तिच्यापुढे पेंढा भरलेले कातडे ठेवत, हे मी पाहिले आहे. मंगोलियात उंटिणीला गाणे ऐकवून पान्हा फोडतात हे खरे, की पर्यटकांसाठी रचलेली कथा? (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर : ही कथा नाही. गोबी वाळवंटाच्या परिसरात ही रीत आजही आढळते आणि २०१५ साली युनेस्कोने तिचा समावेश तातडीने जतन करावयाच्या सांस्कृतिक वारशाच्या सूचीत केला. दोन वशिंडांची उंटीण तेरा महिन्यांच्या आसपास पिलू पोटात वागवते आणि साधारणतः दोन वर्षांतून एकदा विते. पिले जन्मतात ती वसंताच्या आरंभी, म्हणजे बोचरे वारे आणि धुळीची वादळे चालू असताना. वेण लांबली, कळा असह्य झाल्या, तर उंटीण पिलाला जवळ येऊ देत नाही. लाथ मारते, चावायला धावते. कधी पिलू मरते आणि दुसरीकडे एखादे पिलू पोरके झालेले असते. अशा वेळी त्या दोघांची गाठ घालून द्यावी लागते.

उंटिणीला पिलाशेजारी बांधतात. पहाटेची किंवा तिन्हीसांजेची वेळ निवडली जाते. गाणारी व्यक्ती, बहुधा घरातील स्त्री, तिला थोपटत ‘खूस, खूस’ हे अक्षर एका लयीत आळवू लागते. जोडीला मोरिन खूर, म्हणजे घोड्याच्या मस्तकाची आकृती कोरलेले, घोड्याच्याच केसांच्या दोन तारांचे वाद्य असते, किंवा बासरी असते. उंटीण चावू लागली, थुंकू लागली की सूर बदलतो. ती शांत झाली की तो पुन्हा वळण घेतो. हे तासन्‌तास चालू शकते. शेवटी ती पिलाला हुंगते, आचळाशी येऊ देते, आणि पुष्कळदा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहताना दिसते. ते अश्रू दुःखाचे की आणखी कशाचे, याचा निर्णय प्राणिशास्त्रज्ञांवर सोपवावा; पशुपालकाला त्याविषयी तिळमात्र शंका नसते. मेंढीसाठी अशाच वेळी ‘तोइग, तोइग’ म्हणतात. प्रत्येक जातीच्या जनावराची साद वेगळी आहे.

आपण पाहिलेल्या रीतीत आणि या रीतीत एक भेद मात्र जाणवतो. पेंढ्याचे कातडे म्हशीला फसवते. गाणे उंटिणीची समजूत काढते. तबेलेवाल्याला दोष देण्याचा आमचा हेतू नाही, कारण शहरात पहाटे दूध पोहोचवायचे असते आणि समजूत काढायला वेळ लागतो. तरीही घोडीचे दूध काढण्याची पद्धत पाहिली की हाच भेद पुन्हा दिसतो. उन्हाळ्यात शिंगरांना जमिनीलगत ताणलेल्या दोरीशी बांधून ठेवतात, त्यामुळे घोड्या आपणहून जवळपास रेंगाळतात. शिंगरू आधी आचळाला लावायचे, पान्हा सुटला की बाजूला घ्यायचे आणि मग दूध काढायचे, असे दिवसातून अनेकदा करावे लागते, कारण घोडीची कास लहान असते. ते दूध चामड्याच्या मोठ्या पिशवीत ओतून हजारो वेळा घुसळले की आंबट, किंचित मादक ‘आइराग’ तयार होतो.

प्रश्न : ‘झूद’मध्ये, म्हणजे चारा दुर्लभ करणाऱ्या हिवाळी आपत्तीत, लाखो जनावरे मरतात, तर चारा साठवून हे टाळता येत नाही काय? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : काही प्रमाणात चारा साठवला जातोच, पण संख्येचा विचार करावा. सुमारे ३५ लाख लोकसंख्येच्या या देशात २०२३ च्या अखेरीस जवळपास साडेसहा कोटी जनावरे होती, आणि १९९० च्या सुमारास हाच आकडा अडीच कोटींच्या आसपास होता. इतक्यांना गोठ्यात चारणे अशक्य आहे. ती बर्फाखालचे सुकलेले गवत उकरूनच जगतात. घोडा खुराने बर्फ फोडतो आणि त्याच्या मागून मेंढ्या चरतात. परंतु बर्फ वितळून पुन्हा गोठले की वर कठीण कवच बसते आणि खूरही चालत नाही. याला लोखंडी झूद म्हणतात. बर्फाचे जाड थर साचले तर तो पांढरा झूद, आणि बर्फच न पडल्याने जनावरे तहानली तर तो काळा. आधीचा उन्हाळा कोरडा गेला असेल तर जनावरांच्या अंगावर चरबीच धरलेली नसते आणि हानी वाढते. २००९-१० च्या हिवाळ्यात ८० लाखांहून अधिक, तर २०२३-२४ मध्ये ७० लाखांहून अधिक जनावरे दगावली.

यात माणसाचाही हात आहे, हे नाकारता येणार नाही. समाजवादी राजवटीतील सामुदायिक कळप १९९० नंतर कुटुंबांच्या मालकीचे झाले, शेळ्यांच्या काश्मिरी लोकरीला भाव आला आणि शेळ्यांचे प्रमाण एक पंचमांशावरून दोन पंचमांशांपर्यंत गेले. कुरणे मात्र कोणा एकाची नाहीत. दिवाळीनंतर पनवेल-पेणच्या बाजूला उतरणाऱ्या आपल्या धनगरांच्या वाड्यांना शेतकरी शेतात मेंढ्या बसवण्यासाठी बोलावतात, कारण लेंडीखत त्यांना हवे असते; शेती फार थोडी असलेल्या मंगोलियात कळप आवरता ठेवणारा असा कोणी यजमान नाही. सारे गमावलेली कुटुंबे राजधानी उलानबातारच्या कडेला आपला गेर उभारतात. त्या वस्त्यांत घोडा बांधायला जागा नसते.

प्रश्न : पुढील वर्षी मंगोलियाला जाण्याचा विचार आहे. पशुपालकांच्या घरी कसे वागावे? (एक विद्यार्थिनी, विलेपार्ले)

उत्तर : दारावर टकटक करण्याची पद्धत नाही. दुरूनच ‘नोखोई खोर’, म्हणजे ‘कुत्रा आवरा’, अशी हाक द्यावी. तेथील राखणदार कुत्रा आवरण्यासारखाच असतो. उंबऱ्यावर पाय देऊ नये. क्षेमकुशल विचारताना जनावरे धष्टपुष्ट आहेत ना, हेही विचारावे. वसंतात गेलात, तर अशक्त कोकरांना थंडीपासून वाचवण्यासाठी गेरमध्ये घेतलेले आढळेल आणि चुलीजवळची ऊबदार जागा त्यांनी आधीच अडवलेली असेल; अशा वेळी पाहुण्याने थोडे सरकून बसावे.