चतुरस्र, अष्टपैलू की हरहुन्नरी?

प्रश्न असा आला आहे : ह्यूगो क्लाउस या लेखकाचा परिचय लिहिताना 'व्हर्सटाइल'साठी 'चतुरस्त्र' चालेल का? आणि त्यांना 'डच लेखक' म्हणावं का?

आधी शुद्धलेखन. शब्द 'चतुरस्र' आहे, त्याच्या शेवटच्या जोडाक्षरात 'त' नाही. 'अस्र' म्हणजे कोपरा. चार कोपऱ्यांचा, म्हणजे चौरस, तो चतुरस्र. नाट्यशास्त्रात नाट्यगृहाचे विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे आकार सांगितलेत, तोच हा शब्द. चतुर माणसाच्या हातातल्या अस्त्राशी त्याचा संबंध नाही. सहस्र आणि हिंस्र यांच्यातही आपण असाच फुकटचा 'त' घुसवतो.

पण क्लाउस यांना मी 'अष्टपैलू' म्हणेन. 'पैलू' फारसी 'पहलू'वरून आला, अर्थ बाजू. क्रिकेटने हा शब्द घासून गुळगुळीत केला असला तरी त्यातलं चित्र अजून शाबूत आहे: खडा एकच, बाजू अनेक. (आठाचा आकडा शब्दशः घेऊ नये. आजच्या ब्रिलियंट कटच्या हिऱ्याला ५७-५८ पैलू पाडतात.) 'चतुरस्र'मध्ये चौफेर विस्तार दिसतो, खडा दिसत नाही. 'हरहुन्नरी' म्हणजे हरएक हुन्नर अंगी असलेला. पेटी वाजवणारा, पंखा दुरुस्त करणारा आणि लग्नात आचाऱ्याला मदत करणारा मामा हरहुन्नरी असतो. त्याच्या हुन्नरांना एकमेकांशी नातं लागत नाही.

क्लाउस यांच्या कामात ते नातं आहे. १९२९ मध्ये बेल्जियममधल्या ब्रुजला जन्म, बालपणाची बरीच वर्षं नन्सच्या वसतिशाळेत, कोवळ्या वयात जर्मन अंमल. हा ऐवज आयुष्यभर पुरला. 'बेल्जियमचं दुःख' या अर्थाच्या नावाची १९८३ ची त्यांची मोठी कादंबरी लुई नावाच्या मुलाच्या नजरेतून तीच शाळा, तेच युद्ध आणि जर्मनांशी जुळवून घेणारी माणसं दाखवते. तरुणपणी उत्तर फ्रान्समधल्या साखर कारखान्यात हंगामी मजुरी केली, तिचं 'साखर' हे नाटक झालं. 'शुक्रवार' हे १९६९ चं नाटक. पुढे त्याच नाटकावर त्यांनी स्वतःच चित्रपट दिग्दर्शित केला. कविता तर होत्याच, शिवाय कोब्रा या चित्रकारांच्या गटात वावर आणि स्वतःची चित्रं. चर्चवरचा राग इतका, की एका नाटकात पवित्र त्रयी म्हणून तीन विवस्त्र पुरुष रंगमंचावर आणले आणि १९६८ मध्ये चार महिन्यांची शिक्षा ओढवून घेतली. ती पुढे स्थगित झाली. विधा बदलत गेल्या, खडा तोच राहिला.

आता 'डच'. मराठीत हा शब्द भाषेलाही लागतो आणि नेदरलँड्सच्या माणसालाही, घोळ तिथे होतो. क्लाउस बेल्जियमच्या फ्लँडर्समधले; तिथलीही राजभाषा डचच. 'फ्लेमिश (म्हणजे फ्लँडर्सचे) लेखक' चूक नाही, पण त्यातून भाषा वेगळी असल्याचा समज होतो. बेळगावात राहून मराठीत लिहिणाऱ्याला आपण मराठी लेखक म्हणतो, महाराष्ट्रातला लेखक म्हणत नाही. मराठीला ही सोय आहे, कारण 'मराठी' आणि 'महाराष्ट्रीय' असे दोन शब्द आपल्याकडे आहेत. 'डच'ला ती नाही, म्हणून 'डचभाषक' लिहा. वेंगुर्ल्याच्या डच वखारीच्या काळातला, डचांसाठीचा आपला जुना शब्द 'वलंदेज' मला फार आवडतो, पण तो हॉलंडवरून आलेला. ब्रुजच्या माणसाला तो लावता येणार नाही.

तेव्हा परिचयाची सुरुवात अशी करता येईल : 'बेल्जियमचे अष्टपैलू डचभाषक लेखक ह्यूगो क्लाउस (१९२९–२००८)'. अल्झायमर झाल्यावर त्यांनी कायद्याच्या चौकटीत इच्छामरण घेतलं, तेही लिहाल. तिथे 'आत्महत्या' लिहू नका. बेल्जियमच्या कायद्यात ती वेगळी गोष्ट आहे. आणि इच्छामरण घेतलं ते गाव अँटवर्प. हिऱ्यांच्या बाजाराचं. 'पैलू' निवडताना हे माझ्या डोक्यात नव्हतं, आत्ता लिहिताना लक्षात आलं.